वाळलेली शाई

दिवाळीच्या साफसफाईत तांब्यापितळेची भांडी मला कधी त्रास देत नाहीत. चिंचेचा कोळ आणि मीठ लावले की ती आपली उजळतात बिचारी! मला अवघडून टाकते ती माळ्यावरची एक लाकडी चौकट. दरवर्षी ती खाली येते, मी तिच्याकडे पाहतो आणि पुन्हा वर ठेवून देतो.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा शेजाऱ्यांच्या भागीदारीत मी कापडी पिशव्या छापण्याचा उद्योग मांडला. नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसाला असले काहीतरी सुचतेच. यंत्र म्हणावे असे त्यात काही नाही. चौकटीवर ताणून बसवलेली पॉलिएस्टरची बारीक जाळी. नक्षीपुरती तिची छिद्रे उघडी, बाकीची लेपाने बुजवलेली. वर शाई घालून रबरी पट्टीने ओढली की खाली पिशवीवर चित्र उमटते. शाई पाण्यातली. ओली असेपर्यंत नळाखाली दोन मिनिटांत निघून जाते. त्यामुळे तिची भीती म्हणून वाटत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. पाणी उडून गेले की तिच्यातले रंग धरून ठेवणारे कण एकमेकांना बिलगतात, त्यांचा एकसंध पापुद्रा होतो, आणि मग तो पाण्याला ओळखसुद्धा देत नाही. यात शाईचा तरी काय दोष? पहिल्या धुण्यात पिशवी कोरी होऊ नये म्हणूनच तर आपण ती घेतलेली असते!

पहिल्याच दिवाळीला दोनशे पिशव्यांचे काम आले. चित्र पणतीचे. दुपारी शाई भरलेली चौकट पंख्याखाली तशीच ठेवून मी घरी जेवायला गेलो आणि जेवल्यावर जरा आडवा झालो. हाताखालच्या पोराला मीच शिंप्याकडे पाठवले होते. परतलो तेव्हा भागीदार त्याला फैलावर घेत होते, “चौकट धुवायला किती वेळ लागतो रे?” पोराने एकदा माझ्याकडे पाहिले. मी पिशव्या मोजू लागलो.

मी एक अक्षरही खोटे बोललो नाही. ही सबब पुढे कितीतरी दिवस मला पुरली. अर्धसत्य बोलायला धर्मराजाला निदान तोंड तरी उघडावे लागले होते. त्याचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझा तर पंखासुद्धा थांबला नाही.

चौकट मात्र पोरानेच साफ केली. मी चाकू घेऊन पुढे झालो, तर म्हणाला, “खरवडू नका काका, जाळी फाटेल.” त्याने साबणाच्या पाण्यात भिजवलेली फडकी जाळीला दोन्ही बाजूंनी लावून ठेवली. रबरी पट्टीवरची शाई भिजल्यावर नखाने सालीसारखी निघाली. तिथेही चाकू नको, कारण कडेला एक खाच पडली तर पुढच्या प्रत्येक छापात रेघ उठते. प्लॅस्टिकच्या चमच्यावरची शाई तर अख्खी सुटून आली. जाळीचे तसे नव्हते. तिथे शाई धाग्याधाग्याला वेढून बसलेली. मऊ ब्रशने गोल गोल फिरवीत तो तासभर बसला, मधूनमधून चौकट उजेडाकडे धरून भोके पाहत. बरीच सुटली, ज्योतीची बारीक भोके सुटेनात. स्पिरिट लावावे तर भोवतालचा लेपच निघायची भीती. शेवटी आम्ही नवी चौकट करून घेतली. तिचे पैसे कोणी मागितले नाहीत, पण पोर त्यानंतर माझ्यादेखत फारसे बोलेनासे झाले.

सहा महिन्यांनी मी भागीदारांना खरे सांगितले. ते हसले, त्यांना प्रसंगच आठवेना. त्यांना सांगणे सोपे होते, हे मला लगेच कळले. ज्याला सांगायचे तो तोवर दुसरीकडे कामाला लागला होता. इतक्या उशिरा जाऊन त्याला काय सांगायचे? आपले मन हलके करण्यासाठी त्याचे दुखणे पुन्हा ओले करायचे, हा कुठला न्याय? असा विचार मी पुष्कळ केला. तो उदात्त वाटे, आणि सोयीचाही होता.

गेल्या पाडव्याला तो पेढे घेऊन आला, स्वतःचे छपाईचे काम सुरू केल्याचे सांगायला. मी एकदम बोलून टाकले. तो संकोचला. “कुठली चौकट काका? मला काही आठवत नाही.”

चहा झाला. चपला घालता घालता त्याने विचारले, “पण ती ज्योतीची भोकं सुटली का हो शेवटी?”


मी शिडी आणायला आत गेलो.