बेअरिंगची गाडी आणि बालपणाची थकबाकी

बर्फच पडत नाही अशा गावात घसरायचं कशावर, हा प्रश्न आमच्याकडच्या पोरांनी फार पूर्वीच सोडवला आहे. एक फळी, तीन जुनी बेअरिंगं, एक लांब बोल्ट आणि सुतळी. मागे दोन, पुढे एक. पुढचा आडवा दांडा बोल्टभोवती फिरतो, तो पायांनी नाहीतर दोरीने वळवायचा. ब्रेक म्हणजे चपला. बेअरिंगं मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून किंवा गॅरेजमधून मागून आणायची, आणि लाकडी दांडा त्याच्या भोकात घट्ट बसेपर्यंत तासायचा. 6205 नंबर मिळाला तर उत्तम: आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52. डांबरी रस्त्यावर तिचा जो आवाज होतो तो दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो. ब्राझीलमध्ये हीच गाडी ‘रोलिमां’ नावाने ओळखली जाते, आणि त्या नावाचा अर्थही बेअरिंगच.

थंड देशांत पस्तिशी-चाळिशीतली माणसं ट्रकची ट्यूब, प्लॅस्टिकचा ट्रे, खोक्याचा पुठ्ठा घेऊन बर्फाच्या टेकडीवर घसरायला जातात. आपल्यातले मनाली-गुलमर्गला जातात आणि भाड्याचे बूट घालून लाकडी ढकलगाडीवर बसतात. फरक इतकाच की तिथे ती गाडी चढावर ओढायला दुसरा एक माणूस असतो, आणि बऱ्याचदा तो बसणाऱ्याच्याच वयाचा असतो. फोटोत तो सहसा येत नाही. या सगळ्याला ‘बालपण पुन्हा जगणं’ म्हणतात. मला त्या शब्दप्रयोगाबद्दल शंका आहे.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाच जणांनी चिंचोळी एमआयडीसीत अशी एक गाडी केली. सगळे अठ्ठावीस-एकोणतीसचे. दोघे माझ्यासारखे लॅपटॉपवाले, तिघे तिथल्याच कारखान्यांत. पुणे रस्त्याच्या कडेची ही वसाहत म्हणजे रसायनं, औषधं, इंजिनिअरिंगचे शेड आणि उन्हात तापलेला सपाट माळ. उतार शोधायलाच अर्धा तास गेला. शेवटी आतल्या एका रस्त्यावर, सुट्टीमुळे ट्रक नसताना, जेमतेम दोन मीटरचा उतार मिळाला. गणित सोपं आहे: घर्षण सोडून दिलं तर दोन मीटर उतरल्यावर ताशी बावीस-तेवीस किलोमीटरचा वेग येतो, मग वर बसलेला पंचवीस किलोचा असो की पंच्याहत्तर. पण थांबवताना मात्र तिप्पट ऊर्जा चपलांना खावी लागते. मोठेपणीची भीती बहुधा या तिपटीतच असते.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची एक छान व्याख्या केली आहे: अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. ही व्याख्या आमच्या गाडीला चपखल बसते. आमच्या पाचही जणांकडे मोटरसायकली होत्या, त्या तिथेच बाभळीखाली उभ्या होत्या. त्या सोडून जमिनीपासून चार बोटं वर बसून, कंबर मोडत खाली जाणं, हा स्वेच्छेने घेतलेला अडथळा झाला. पण दहा वर्षांच्या पोराला ती व्याख्या लागू होत नाही. त्याच्याकडे सोडून द्यायला मोटरसायकल नसते. त्याला मिळू शकणारी सगळ्यात वेगवान वस्तू तीच असते. म्हणून तो तिला ‘गाडी’ म्हणतो, आणि खरोखर गाडीच समजतो. म्हणजे मोठा माणूस तीच वस्तू करतो, त्याच रस्त्यावर चालवतो, आणि तरी तेच करत नसतो. त्याच्याकडे निवड असते.

इथपर्यंत माझा युक्तिवाद मला पटलेला होता. तो अडला आमच्यातल्या फिटरपाशी.

बेअरिंगं त्यानेच आणली, पुलर लावून त्यानेच काढली. त्याची आई बिडी कामगार. 2006 नंतर ते कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहायला गेले, त्याआधी शहरात एका खोलीत होते. शाळेतून आलं की भिजवलेली तेंदूची पानं साच्यावर ठेवून कापायची, वळलेल्या बिड्यांची तोंडं दुमडायची. मजुरी हजाराच्या हिशोबाने, म्हणून हात जितके जास्त तितकं बरं. बाहेर पोरं बेअरिंगच्या गाड्या फिरवायची तो आवाज त्याला पाठ आहे, पण तो गाडीवर कधी बसला नव्हता. त्या संध्याकाळी तो नऊ वेळा बसला. मी मोजलं, कारण माझा नंबर येत नव्हता.

आता ‘पुन्हा जगणं’ या शब्दांचं काय करायचं? त्याचं पहिल्यांदाच होतं. आठवणीशिवायही त्याला आमच्याइतकीच, खरं तर जास्तच मजा आली. मग आमची मजा तरी आठवणीतून आली होती हे कशावरून? कदाचित उतार, वेग आणि कानठळ्या बसवणारा आवाज एवढंच पुरेसं असतं, आणि बालपण हे आपण त्याला नंतर चिकटवलेलं लेबल असतं. मोठ्या माणसाला नुसती मजा करायची लाज वाटते, म्हणून तो तिला आठवणीचं कारण देतो.

आमच्यातला एक जण त्याला म्हणाला, “बघ, तुझं बालपण वसूल झालं की नाही?” त्यावर तो म्हणाला, “काय बे, थकबाकी आहे का ती?” आणि पुन्हा फळी उचलून चढावर गेला.

या उत्तरावर मी बराच विचार केला. पगाराची थकबाकी नंतर मिळाली तर हिशोब पुरा होतो. दहाव्या वर्षी कापलेली पानं अठ्ठाविसाव्या वर्षीच्या नऊ फेऱ्यांनी फिटत नाहीत. आणि वसूल झालं असं म्हणण्याची गरज त्याला नव्हती, आम्हाला होती. आम्ही ज्या वेळी खेळत होतो त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला तो काम करत होता, ही गोष्ट कुठेतरी मिटवून टाकायची होती. त्याने ती मिटवू दिली नाही, आणि मजाही सोडली नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात हे मला तोवर सुचलं नव्हतं.

मोठ्यांचं हे वसूल करणं कुठवर जातं याचं एक टोक अमेरिकेत सापडतं. तिथे मुलांनी स्वतः बनवलेल्या, इंजिन नसलेल्या गाड्यांची ‘सोप बॉक्स डर्बी’ 1934 पासून होते. 1973 साली चौदा वर्षांचा एक मुलगा जिंकला आणि दोन दिवसांत बाद झाला. गाडीच्या नाकात विद्युतचुंबक लपवलेला होता. सुरुवातीची लोखंडी पट्टी खाली पडताना तो गाडीला पुढे खेचायचा. ही करामत त्याच्या काकांची होती. स्पर्धेचा नियम होता की गाडी मुलानेच बनवायची. मला त्या काकांच्या कारागिरीचं कौतुक वाटतं, आणि त्या मुलाकडे गाडी बनवण्यातलं नक्की काय उरलं असेल असंही वाटतं.

आमची गाडी आता तिथल्या एका वॉचमनच्या दोन पोरांकडे आहे. आम्ही बसायला लावलेला फोम त्यांनी दुसऱ्याच दिवशी उपटला आणि जागी भाजीचा प्लॅस्टिक क्रेट बांधला. त्यात वीस लिटरचा एक जार बसतो. नळ उताराच्या खालच्या टोकाला आहे. रिकामा जार मांडीवर घेऊन दोघं बसून खाली जातात आणि भरलेला ढकलत वर आणतात.