आज एकटं कोण बसलं होतं?



मूल शाळेतून घरी आले की आपण विचारतो, "डबा संपवलास का? गृहपाठ काय दिला?" डबा कोणाबरोबर खाल्ला, हे मात्र क्वचितच विचारतो. अंगावर ओरखडा दिसला तर आईच्या लगेच लक्षात येते. पण ज्याला कोणी खेळायला घेत नाही, ज्याच्याशी साऱ्या वर्गाने कट्टी केली आहे, त्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. रोज सकाळी पोट दुखते, ऑटो दारात आला की पाय निघत नाही, एवढेच. तक्रार तरी कोणाची करावी? मारले तर कोणीच नाही.

मग दोष कोणाचा? ज्याने काहीच केले नाही, तो निर्दोष मानावा का?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, नऊ वर्षांच्या एका मुलाचे नाव दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांची दीक्षाभूमी आपल्या प्रतापनगरपासून फार लांब नाही. वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसवत. बसायचे गोणपाट रोज घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुले ते उचलायला धावली. प्रत्येकाने फक्त आपापला डबा उचलला. पण त्या मुलाला काय कळायचे ते कळले.

शतकानुशतकांची अस्पृश्यता आणि आजच्या वर्गातली कट्टी या सारख्या गोष्टी नव्हेत. तरीही एक धागा समान आहे. एखाद्याला वाळीत टाकायला एकट्याचे बळ पुरत नाही. बाकीच्यांनी गप्प राहावे लागते. मोठ्यांनी एखाद्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. पण मधल्या सुट्टीतल्या बहिष्कारावर कोणता पोलीस लक्ष ठेवणार? तिथे आपली मुलेच असतात, आणि त्यांच्या मनात आपण घरी पेरलेले असते तेच असते.

त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी या मुलाला देत. त्या भाकरीची गोडी बाबासाहेब कधी विसरले नाहीत. त्यांचे आडनावही या गुरुजींकडूनच आले. पण शिवाशिव होऊ नये म्हणून ती भाकरी वरून हातावर टाकली जाई, हेही बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे. माया खरी होती, तरी अंतर राहिलेच.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू विहिरीवर शोमरोनी स्त्रीला भेटतो. तिच्या लोकांच्या भांड्यातले पाणी यहुदी पीत नसत. येशू आरंभी तिला काही देत नाही. तो तिच्याकडेच पाणी मागतो. ज्याला सगळ्यांनी दूर ठेवले, त्याच्याकडे काही मागणे म्हणजे 'तुझ्यावाचून माझे अडते' असे सांगणे. म्हणून आपल्या मुलाला नुसते "त्या बिचाऱ्याशी चांगला वाग" असे सांगू नका. "आमच्यात एक भिडू कमी आहे, तू ये," "तुझी भाजी मला दे ना," असे म्हणायला शिकवा. बिचारेपणा कोणत्याही मुलाला नको असतो. त्याला जागा हवी असते.

आणि आपलेच मूल एकटे पडले असेल तर? "दुर्लक्ष कर" म्हटले तर सारे ओझे त्याच्याच खांद्यावर पडते. "तूही दोन ठेवून दे" म्हटले तर उद्या तेच दुसऱ्याला छळायला शिकते. आधी मध्ये न बोलता सगळे ऐकून घ्या. "यात तुझी काही चूक नाही," असे त्याला स्पष्ट सांगा. काय घडले आणि कोणत्या दिवशी, ते लिहून ठेवा. समोरच्या मुलाच्या दारात भांडायला जाऊ नका. वर्गशिक्षकांना शांतपणे भेटा, आणि तेवढ्याने भागले नाही तर मुख्याध्यापकांना. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांकही आहे. शाळेबाहेर त्याला एखादा तरी सोबती मिळू द्या, आपल्या गल्लीतला किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गातला. एक सोबती असला की शाळेचा दिवस निम्मा हलका होतो.

पण ज्यांची मुले खेळात रमलेली आहेत, ज्यांना चार मित्र आहेत, त्या पालकांवर अधिक जबाबदारी आहे. जागा त्यांच्या मुलांजवळ आहे. सरकून ती करून देणेही त्यांच्याच हाती आहे. वाढदिवसाला सारी बिल्डिंग बोलावून एकच घर वगळले जाते, तेव्हा मुले आपल्याकडूनच शिकत असतात.

या आठवड्यात रोज संध्याकाळी मुलांना एक प्रश्न विचारू या: "आज एकटं कोण बसलं होतं?" पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही कदाचित. पण रोज विचारले, तर दुसऱ्या दिवशी वर्गात मूल मान वर करून इकडेतिकडे पाहू लागेल.