खाडीची साक्ष कोण देणार?



फेब्रुवारीच्या २ तारखेला आपण प्रभूच्या समर्पणाचा सण साजरा करतो. मेणबत्त्या आशीर्वादित करून घरी नेतो आणि वादळात, आजारपणात त्या पेटवतो. त्याच तारखेला जगभर पाणथळ दिनही पाळला जातो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८२ साली भारतही त्यात सामील झाला. तारखांचा हा योगायोग आहे. पण पवित्र मरिया आणि संत योसेफ बाळ येशूला मंदिरात घेऊन आले, तेव्हा त्यांच्या हातात कोकरू नव्हते, गरिबांना परवडणारी पाखरांची जोडी होती, हे आठवले की या योगायोगाकडे जरा थांबून पाहावेसे वाटते.

पाणथळ म्हणजे काय, हे मी तुम्हांला शिकवावे असे नाही. ओहोटीला जिथे निवटे उड्या मारतात आणि चिंबोरी धरताना जिथे गुडघाभर चिखल लागतो, ती आपली खाडी. उधाणाचे पाणी आपल्या दारात येण्याआधी जे स्वतः पिऊन घेते, ते खाजण. आपल्या वाडीतले बावखलही त्याच कुळातले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरले, रेल्वे थांबली, घराघरांत अंधार झाला, तेव्हा पाण्यालाही पसरायला जागा लागते, हा धडा आपण सगळेच शिकलो.

ठाण्याची खाडी ही आपल्या वसईच्या खाडीची बहीण. उल्हास नदीचे पाणी घोडबंदरवरून आपल्याकडे येते आणि ठाण्याजवळच्या एका चिंचोळ्या वाटेने त्या खाडीशीही जोडलेले आहे. तिथे २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, अभयारण्य जाहीर झाले. २०२१ मध्ये भोवतीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. २०२२ मध्ये सुमारे ६,५२१ हेक्टर परिसराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातले हे तिसरे रामसर स्थळ.

अशा संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना पक्की होण्याआधी तिचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि लोकांना हरकती व सूचना देण्यासाठी ६० दिवस मिळतात. पुढे त्या पट्ट्याचा आराखडा स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून तयार करावा, असे अधिसूचनेतच लिहिलेले असते. किनाऱ्याच्या नकाशांचे मसुदेही लोकांपुढे ठेवले जातात. म्हणजे कायदा आपल्याला विचारतो. आपण उत्तर देतो का?

मी स्वतः एकदा दिले नाही, हे आज तुमच्यापुढे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका खाडीकाठच्या धर्मग्रामात होतो. एके दिवशी किनाऱ्याच्या नकाशाच्या मसुद्याविषयी एक सूचनापत्र माझ्या टेबलावर आले. मी ते वरवर वाचले. भाषा किचकट वाटली, म्हणून मिस्सांच्या हेतूंच्या वहीखाली सरकवून दिले. सणाची नोव्हेना तोंडावर होती. नोव्हेना झाली, सण झाला आणि मुदतही संपली. महिन्याभराने एक वृद्ध कोळीण बाय माझ्याकडे आली. नातवाने तिला तो नकाशा मोबाइलवर दाखवला होता. जिथे ती चाळीस वर्षे खुबे वेचत आली, ती जागा नकाशावर कोरडी, मोकळी जमीन म्हणून दाखवली होती. तिने मला एवढेच विचारले, “फादर, मग मी इतकी वर्षं खुबे कुठे वेचले?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. कागद मात्र अजून वहीखालीच होता. मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण केलेल्या पापांची क्षमा मागतो, तशी जे करायला हवे होते आणि केले नाही, त्याचीही मागतो. त्या दिवसापासून त्या ठिकाणी मला तो कागद आठवतो.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ४७वा अध्याय घरी जरूर वाचा. मंदिराच्या उंबरठ्याखालून झरा निघतो आणि त्याची नदी होते. वाटाड्या संदेष्ट्याला काठावर उभे करून ती नदी दाखवत नाही, तो त्याला पाण्यातून चालवतो. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि शेवटी पाणी इतके वाढते की पायी पार होता येत नाही. त्यानंतरच तो विचारतो, तू हे पाहिलेस ना? आधी पाण्यात पाय, मग प्रश्न. ज्याचे पाय भिजलेले आहेत, त्याच्याकडेच देवाचा दूत उत्तर मागतो.

पुढे ती नदी खाऱ्या समुद्राला मिळते, ते पाणी निरोगी होते, काठाला कोळ्यांची जाळी सुकत पडतात, नाना जातींची मासळी मिळते. पण त्याच वर्णनात एक छोटी गोष्ट आहे, जी आपण घाईत वाचून पुढे जातो. दलदलीची ठिकाणे मात्र गोडी होत नाहीत, ती मिठासाठी तशीच राखली जातात. सारे काही नवे करणारा देवही दलदलीत भराव टाकत नाही! माणसाला मीठ लागते, हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या आराखड्यात दलदलीलाही जागा आहे आणि कोळ्यालाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्विनास यांचे विवेकाविषयीचे विचार अभ्यासले. ते म्हणतात की व्यवहारातले प्रसंग अगणित असतात, एकट्या माणसाला ते सारे दिसत नाहीत. म्हणून शहाण्यानेही इतरांकडून, विशेषतः अनुभवी वडीलधाऱ्यांकडून शिकावे. उपग्रहाला तिवरांचा हिरवा रंग दिसतो. पण उधाणाचे पाणी कोणत्या बांधावरून आत येते, कोणता नाला बुजल्यापासून कोळंबी कमी झाली, हे त्याला कोण सांगणार?

१२९८ साली पोप बोनिफेस आठवे यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मनियमांच्या संग्रहात एक जुने सूत्र आहे. त्याचा आशय असा, की ज्याचा संबंध सर्वांशी येतो, त्याला सर्वांची संमती हवी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पाणथळी आणि तिवरे नष्ट होत असल्याची चिंता व्यक्त केली. पर्यावरणावरच्या परिणामांचा विचार अगदी आरंभापासून, कोणाच्याही दबावाविना व्हावा आणि त्या चर्चेत स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असावे, असेही त्यांनी सांगितले.

या विषयावर आपल्यात एकमत नाही, हे मी जाणतो. खाडीवर ज्यांची रोजी आहे, त्यांना वाटते की ‘संरक्षित’ हा शब्द आला की उद्या पाटी लागेल आणि आपली होडी बाहेर. खाजणालगत ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांना मुलाच्या घराची काळजी आहे. मी या भीतीला हसणार नाही. पण रामसर कराराचा गाभा ‘सुज्ञ वापर’ हा आहे, माणसाला हाकलणे हा नाही. तो वापर कोणाचा, किती आणि कसा, हे आराखड्यात ठरते. तिथे जो बोलत नाही, त्याचा वापर बहुधा लिहिलाच जात नाही. म्हणून बाजूने असो वा विरोधात, बोला. मात्र खरे बोला. जमिनीच्या मोहाला विकासाचे आणि शेजाऱ्यावरच्या रागाला पर्यावरणाचे नाव देऊ नका. खोटी साक्ष देऊ नये, असे आठवी आज्ञा सांगते. आणि लेवीय ग्रंथाच्या ५व्या अध्यायाच्या आरंभीच म्हटले आहे की, ज्याने पाहिले आहे आणि तरीही जो साक्ष देत नाही, तोही दोषी ठरतो.

दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांच्या हाकेला ओ देऊन हरित वसईसाठी आपली माणसे रस्त्यावर उतरली. मोर्चा आपल्याला जमतो. कागद मात्र जड जातो. पण खाडी पुष्कळदा कागदावरच आधी बुजते, डंपर नंतर येतो.

मग काय करावे? मराठीत लिहा, एका पानात मावेल एवढेच. गाव आणि नकाशावरची जागा नेमकी सांगा. किती वर्षे काय पाहिले, ते लिहा. मत कमी, पाहिलेले जास्त. दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. ज्या वडीलधाऱ्यांना लिहिता येत नाही, त्यांचे म्हणणे आपल्या युवकांनी लिहून द्यावे, पण शब्द त्यांचेच राहू द्यावेत. आणि माझ्याकडून एक वचन: यापुढे असे कोणतेही सूचनापत्र आले, तर ते रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखवले जाईल आणि मुदतीच्या तारखेसह चर्चच्या फलकावर लागेल. वहीखाली जाणार नाही.

समर्पणाच्या दिवशी मंदिरात येणारे-जाणारे पुष्कळ असतील. बाळाला ओळखले ते शिमोन आणि हन्ना या दोन वृद्धांनी. दोघेही गप्प राहिले नाहीत. हन्नाने तर वाट पाहणाऱ्या सर्वांना जाऊन सांगितले. ती कोळीण बाय माझी हन्ना होती. मी तिचे उशिरा ऐकले. या वर्षी मेणबत्ती घरी न्याल, तेव्हा तिच्या उजेडात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा: आपली खाडी तुमच्या लहानपणी कुठवर होती? आणि ते जे सांगतील, ते लिहून ठेवा.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

प्रभूमध्ये तुमचाच,
प्रमुख धर्मगुरू