क्रमशः

आनंद नगरातल्या एका शाळेची ही गोष्ट. शाळेचं नाव विचारू नका, गोष्टीतल्या शाळेला नाव नसतं.

आनंद नगर म्हणजे भोपाळच्या रायसेन रोडवरची, भेलच्या पिपलानी भागाजवळची वस्ती. 1956 साली भोपाळात विजेची अवजड यंत्रं बनवण्याचा सरकारी कारखाना निघाला, तोच पुढे भेल झाला. केरळ, बंगाल, आंध्र, पंजाब, जिथून तिथून माणसं आली. त्याच वर्षी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला ठरली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली कितीतरी मराठी बिऱ्हाडं इकडे हलली. नंतर बांधकामावर टीकमगढची माणसं आली, मंडल्याची गोंड कुटुंबं आली. त्यामुळे या शाळेत एकेका बाकावर दोन-दोन भाषा बसायच्या. घरी कुणाची बुंदेली, कुणाची गोंडी, कुणाची उर्दू, कुणाची मल्याळम, कुणाची मराठी. पुस्तकं मात्र हिंदीत, आणि हिंदीही अशी, की बाजारात कुणी तसं बोललं तर भाजीवाला वर बघेल.

एका वर्षी नववीचा निकाल फार वाईट लागला. शिक्षकांची बैठक बसली.

"पोरांना वाचताच येत नाही हो," गणिताचे सर म्हणाले. हे सर नागपूरहून आलेल्या त्या बिऱ्हाडांपैकीच एका घरातले. विज्ञानाच्या मॅडमनी मान डोलावली, भूगोलाच्या सरांनीही डोलावली. मग सगळ्यांनी मिळून हिंदीच्या मॅडमकडे पाहिलं. वाचता येत नाही म्हणजे दोष भाषेच्या बाईंचा, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती.

बिचाऱ्या मॅडमनी शेवटचा जादा तास घेतला. रोज घेतला. धडे मोठ्यानं वाचून घेतले, शुद्धलेखन घातलं, घसा बसला तरी तास चुकवला नाही. दिवाळीपर्यंत मुलं धडाधड वाचायला लागली. सहामाहीत हिंदीचे गुण वाढले. गणिताचे होते तिथेच राहिले.

पुढे एका सकाळी शाळेच्या बोअरची मोटर बंद पडली. शाळेच्या फाटकावर एक म्हातारा चौकीदार असे. मूळचा पालक्काडचा. कारखान्यात तीस वर्षं मोटरची वाइंडिंग केलेला. मुलं त्याला चाचा म्हणत. त्यानं भिंतीवरच्या स्टार्टरचं झाकण उघडलं आणि चष्मा सापडेना, म्हणून नववीतल्या एका मुलाला हाक मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला तारांचा नकाशा चिकटवलेला होता. मुलगा त्यावर बोट फिरवत सांगू लागला, "चाचा, ही इथून निघते, रिलेतून जाते, खालच्या बटणाला येते. आणि इथली तर सुटलीच आहे!"

गणिताचे सर मागे उभे होते. हा टीकमगढकडचा मुलगा त्यांच्या विषयात शंभरपैकी नऊ गुण मिळवलेला.

"याला हे वाचता कसं येतं?" त्यांनी चाचाला विचारलं.

"मागच्या वेळी बिघडली तेव्हा शिकवलं. आधी तारेला हात लाव म्हटलं, मग तिचं नाव सांगितलं, मग ती कागदावर शोधायला लावली."

"पण हे शिकवायचं काम…"

"कारखान्यात काय होतं साहेब, ड्रॉइंग वाचायला शिकवणारा वेगळा माणूस नव्हता. टर्नरचं ड्रॉइंग टर्नर शिकवायचा, वाइंडरचं वाइंडर. ज्याचं काम, त्याचाच कागद, त्यानंच वाचायला शिकवायचं." एवढं बोलून त्यानं तार आवळली. पाणी आलं.

सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला जवळ बसवून सहामाहीचा पेपर उघडला. प्रश्न होता : दो नल एक टंकी को क्रमशः 6 घंटे और 12 घंटे में भरते हैं, दोनों साथ खोलने पर टंकी कितने समय में भरेगी? मुलानं उत्तराची जागा कोरी सोडली होती.

"वाच."

त्यानं अस्खलित वाचलं. हिंदीच्या मॅडमची मेहनत दिसत होती.

"मग सोडवलं का नाहीस?"

"सर, 'क्रमशः' लिहिलं होतं ना. मला वाटलं, प्रश्न पुढच्या पानावर आहे. मी पान उलटलं, तिथे दुसराच प्रश्न. म्हटलं, छपाई चुकली."

सर त्याच्याकडे बघतच राहिले. टीव्हीवर मालिकेचा भाग संपला की 'क्रमशः' येतं, उरलेलं उद्या. मराठी पुस्तक असतं तर तिथे 'अनुक्रमे' असतं. सरांनी बावीस वर्षं तो शब्द फळ्यावर लिहिला होता, आणि त्याचा अर्थ सांगायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी सांगितलं : पहिल्या नळाला सहा तास, दुसऱ्याला बारा.

"मग चार तास लागतील," मुलगा म्हणाला. पेन्सिलही उचलली नाही. त्याच्या वस्तीत पाणी भरायचं काम त्याच्याकडेच होतं.

सरांनी हे शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. विज्ञानाच्या मॅडम आधी हसल्या, मग उठून दहावीच्या वह्या काढून बसल्या. अमरावतीहून आलेल्या एका मुलीनं 'क्षार का उदाहरण' म्हणून मीठ लिहिलं होतं आणि मॅडमनी त्यावर लाल फुली मारली होती. मुलीला बोलावलं. ती घाबरत म्हणाली, "मॅम, आमच्या मराठी पुस्तकात मिठाला क्षारच म्हणतात. तुमच्या क्षाराला आम्ही आम्लारी म्हणायचो." म्हणजे पोरीला रसायन येत होतं. मॅडमनी फुली खोडली आणि तिच्या शेजारी 'लवण' असं लिहून दिलं.

मग एकेक निघत गेलं. गंगेचं 'मैदान' म्हणजे क्रिकेटचं नव्हे, हे भूगोलाच्या सरांनी नकाशावर हात फिरवून दाखवलं. 'संधि'वर तर चांगलाच वाद झाला. व्याकरणात संधि म्हणजे अक्षरांची, इतिहासात वर्सायचा 1919 चा तह, जीवशास्त्रात गुडघ्याचा सांधा. हिंदीच्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "पहिली माझी. बाकीच्या दोन तुम्ही वाटून घ्या."

त्यांचा शेवटचा तास बंद झाला. त्याऐवजी प्रत्येकानं धडा सुरू करण्याआधी त्यातले पाच-सहा शब्द फळ्यावर मांडायचे, आणि कुणाच्या घरी त्यांना काय म्हणतात ते मुलांना विचारायचं, असं ठरलं. फळ्याच्या कडेला गोंडी, बुंदेली शब्द दिसू लागले. वेळ जातो म्हणून कुरकुर झाली, ती खरीही होती, धडे मागे पडले. वार्षिक परीक्षेत सगळे पास झाले असंही नाही. टीकमगढच्या मुलाला गणितात एक्केचाळीस मिळाले.

निकालाच्या दिवशी चाचानं त्याला फाटकाशी थांबवलं. त्याच्या हातात घरचं विजेचं बिल होतं. हिंदी तो फर्डा बोलायचा, पण वाचायचा फक्त मल्याळम.

"हे बघ, इथे काय लिहिलंय? पैसे मला मिळणार की मी भरायचे?"

"देय राशि," मुलानं वाचलं. मग जरा थांबला.

"चाचा, वाचता तर आलं. पण कोण कुणाला देणार, ते कॉमर्सच्या सरांना विचारून येतो."

आणि तो शाळेत पळाला.