तो मासा आपला कोण लागतो?

जो जीव आपण कधी पाहिला नाही आणि बहुधा पाहणारही नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असते का?

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर दलदलीची जंगले आहेत. तिथे गळलेली पाने, फांद्या पाण्यात पूर्ण कुजत नाहीत. हजारो वर्षे थरावर थर साचतो. त्याला पीट म्हणतात. तिथले पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी आणि इतके आम्लधर्मी असते की त्यात मासे असतील असे वाटतच नाही. पण त्याच पाण्यात पीडोसायप्रिस प्रोजेनेटिका नावाचा मासा राहतो. शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये त्याची नोंद केली. पूर्ण वाढलेली एक मादी अवघी ७.९ मिलिमीटर भरली, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी.

पाम तेलाच्या आणि कागदाच्या लगद्यासाठी लागणाऱ्या झाडांची लागवड करायला कालवे खोदून ही दलदल कोरडी केली जाते. वाळलेले पीट खचते, पेट घेते. १९९७ आणि २०१५ च्या आगींचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पोहोचला. या पाण्यालाच सरावलेल्या अनेक माशांना मात्र दुसरे घर नाही.

मी कॉमर्सचा विद्यार्थी आहे. मुद्दल मोडून आलेला पैसा नफा म्हणून दाखवला, तर तो हिशेब खोटा ठरतो, हे आम्ही सुरुवातीलाच शिकतो. पीट हे असेच मुद्दल आहे. पण मासा तर मुद्दलातही धरलेला नसतो. तो कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून तो नाहीसा झाला तरी कोणत्याही वहीत तोटा दिसत नाही. मग त्याची नोंद ठेवायची कोणी? ती जागा विवेकाची आहे.

जगात सर्वाधिक पाम तेल आयात करणारा देश भारत आहे आणि त्यातले बरेचसे इंडोनेशियातून येते. सगळेच तेल दलदल मोडून आलेले नसते; तिथल्या कितीतरी लहान शेतकऱ्यांचे पोटही या पिकावर आहे. म्हणून कोणा एकाला दोषी ठरवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपण मासा मारत नाही, हे खरे. पण अहिंसा केवळ हातापुरती नसते. आपली गरज जिथवर पोहोचते, तिथवर ती पोहोचायला हवी. नाते रक्ताने जुळते, तसे उपभोगानेही जुळते.

या आठवड्यात घरातल्या बिस्किटांच्या, फरसाणाच्या पाकिटांवरील घटकांची यादी वाचू या. पाम तेल किंवा पामोलिन दिसले, तर एवढेच विचारू या: यातले गरजेचे किती आणि सवयीचे किती?