‘मी’ कोण हे कोणी ठरवायचं?

सर्बियन भाषेत ‘मी काम करते’ हे एका शब्दात सांगता येतं: रादिम. ‘मी’ वेगळा म्हणायची गरज नाही, शेवटचा ‘म’ पुरतो. रादिश म्हणजे तू, रादि म्हणजे तो किंवा ती, रादिमो आम्ही, रादिते तुम्ही, रादे म्हणजे ते सगळे. लिहिण्याचं क्रियापद पिसाति. त्याचं पिशेम, पिशेश, पिशे. मधला स्वर बदलतो, पण शेवटी तोच ‘म’, तोच ‘श’. होचू (मला हवंय) आणि मोगू (मला जमतं) ही दोन रूपं सोडली तर वर्तमानकाळातला ‘मी’ नेहमी ‘म’वरच संपतो.

आमच्या टीममधले काहीजण बेलग्रेडचे आहेत, म्हणून मी ही भाषा शिकते. सहा रूपं पाठ व्हायला फार वेळ लागला नाही. पण त्यांतली एक गोष्ट डोक्यातून जाईना. या सहा रूपांमध्ये बाई की पुरुष, हे कुठेच विचारलेलं नाही.

मराठीत हे अशक्य आहे. वरच्या ‘शिकते’वरून मी बाई आहे हे तुम्हाला कळलंच. मला ते सांगायचं होतं का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये लाल चांदणीचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तसं ‘तो’ की ‘ते’ हे ठरवल्याशिवाय मराठीत ‘मी चहा पिते’ एवढंही म्हणता येत नाही.

मग सर्बियन जास्त न्यायी का? थोडं थांबा. भूतकाळात गेलं की पारडं फिरतं. ‘मी पत्र लिहिलं’ हे सर्बियनमध्ये पुरुष ‘पिसाओ साम पिस्मो’ म्हणतो आणि बाई ‘पिसाला साम पिस्मो’. आणि मराठीत? ‘मी पत्र लिहिलं.’ दोघांचं वाक्य एकच, कारण क्रियापद पत्राच्या मागे जातं, लिहिणाऱ्याच्या नाही. म्हणजे सर्बियन माणूस काम करताना लपू शकतो आणि केल्यावर उघडा पडतो, तर मराठी माणसाचं बरोबर उलटं.

रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली एका निबंधात म्हटलं होतं, की भाषांमधला खरा फरक काय सांगता येतं यात नसतो, काय सांगावंच लागतं यात असतो. ही सक्ती अन्यायाची आहे का, हा माझा प्रश्न आहे.

सक्तीच काढून टाकली तर? बंगालीत क्रियापदाला लिंग नाही, तुर्कीत तर ‘तो’ आणि ‘ती’साठीही एकच शब्द आहे. तिथल्या बायकांचे प्रश्न त्यामुळे सुटलेले नाहीत. सर्बियाने उलटी वाट धरून पाहिली. 2021च्या स्त्री-पुरुष समानता कायद्याने शिक्षण आणि माध्यमांत इंजिनिअर बाईला ‘इंजेन्येर’ऐवजी ‘इंजेन्येर्का’ म्हणण्यासारख्या भाषेचा आग्रह धरला. त्यावरून मोठा वाद झाला आणि 2024मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्या कायद्याची अंमलबजावणी थांबवली. एका बाजूला लिंग दिसू नये म्हणून धडपड, दुसऱ्या बाजूला दिसावं म्हणून. दोन्हींमागची मागणी एकच आहे: माझी ओळख दुसऱ्याने ठरवू नये.

म्हणून मला वाटतं, न्याय-अन्याय प्रत्ययात नाही. तो प्रत्यय कोण निवडतं, यात आहे. ‘ती काम करते’ हे मी दुसऱ्याबद्दल केलेलं विधान आहे, त्यात माझी चूक होऊ शकते. ‘मी काम करते’ ही मात्र माझी स्वतःची साक्ष आहे. कोल्हापूरकडची मुलगी ‘मी आलो’ म्हणते तेव्हा पुण्या-मुंबईत हसू येतं, कोणीतरी लगेच ‘आले म्हण’ असं सुचवतं. तिच्या बोलीत ते बरोबरच आहे. त्याहून अवघड स्थिती त्यांची, ज्यांना ‘करतो’ही आपलं वाटत नाही आणि ‘करते’ही. मराठीत नपुंसकलिंग आहे, पण ते माणसाला लावलं की लेकरू तरी वाटतं नाहीतर वस्तू. अशा माणसाला मराठीत दर वाक्यागणिक रकाना भरावा लागतो. त्याने किंवा तिने (बघा, मलाही सुटका नाही) जे रूप निवडलं, ते ‘दुरुस्त’ करणं म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द घालणं.

मग चुकीचं मराठी कोणी सुधारायचंच नाही का? शिकणाऱ्याला नियम सांगावा, जसा मला कोणी ‘पिसाओ’ आणि ‘पिसाला’ यांतला फरक सांगितला. पण नियम सांगितल्यावर त्यातलं स्वतःसाठी काय घ्यायचं, हे बोलणाऱ्याचं.

ऐकणाऱ्याच्या हातातही काही आहे. ‘तू काय करतोस?’ की ‘करतेस?’ असा पेच पडला तर मराठीत ‘तुम्ही काय करता?’ आहेच. आदर दिला की लिंग आपोआप गळतं. समोरच्याने आपणहून सांगेपर्यंत ‘तुम्ही’वर थांबायला आपलं काहीच जात नाही.