काठी सरावाची, खेळ सोमवारचा



गोल्फ हा काही आपल्या मेहकरच्या मैदानांवरचा खेळ नव्हे. टीव्हीवर मात्र तो तुम्ही कधीतरी पाहिला असेल. चेंडू जमिनीवर स्थिर पडलेला असतो, समोरून कोणी गोलंदाज धावत येत नाही. विटी-दांडू खेळलेला माणूस म्हणेल, यात कसले आले अवघड? अवघड आहे ते उभे राहणे. खेळाडू चेंडूच्या बाजूला उभा असतो आणि लक्ष्य दूर, त्याच्या खांद्याच्या दिशेला असते. आपण अगदी सरळ उभे आहोत असे त्याला मनापासून वाटते, पण पाय आणि खांदे भलतीकडेच वळलेले असतात. चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर २०० मीटरवर तो साधारण साडेतीन मीटर बाजूला जातो.

म्हणून हे खेळाडू सरावात साधी साधने वापरतात. दोन बारीक काठ्या जमिनीवर समांतर ठेवतात. एक चेंडूजवळून लक्ष्याच्या दिशेने, दुसरी आपल्या पायांच्या बोटांपुढे. आपण वाकडे उभे आहोत की सरळ, हे खाली पाहताच कळते. काही जण काखेत टॉवेल धरतात. फटका मारताना टॉवेल पडला, तर हात अंगापासून सुटले हे लगेच समजते. कोणी दांडीला जड कडे अडकवून ती हवेत फिरवतात. हे शेकडो वेळा केले की शरीराला वळण लागते.

तत्त्वज्ञानात ही गोष्ट फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने शिकवले की, वाद्य वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागून वागूनच तो न्यायी होतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. सद्‌गुण म्हणजे अंगी मुरलेली सवय. एकदा कोणाला मदत केली म्हणून माणूस दयाळू होत नाही.

पण गोल्फचा आणखी एक नियम आहे, आणि आज मला त्याच्याविषयीच बोलायचे आहे. ही साधने सरावासाठीच आहेत. सामना सुरू झाल्यावर ती वापरता येत नाहीत. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सेफवे क्लासिक ही स्पर्धा चालू होती. जूली इंकस्टर ही अनुभवी खेळाडू आपली पाळी येईपर्यंत बराच वेळ थांबली होती. अंग आखडू नये म्हणून तिने दांडीला जड कडे अडकवून ती फिरवली. तेवढ्यावरून तिला स्पर्धेतून बाद केले गेले. २०१९ पासून नियम थोडा सौम्य झाला आहे. आता पहिल्या चुकीला दंड होतो आणि दुसऱ्या चुकीला खेळाडू बाद होतो. तत्त्व मात्र तेच राहिले आहे. सामन्यात तुमच्या अंगी काय मुरले आहे, तेच पाहिले जाते.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत रमाकांत आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे. सचिन शेवटपर्यंत नाबाद राहिला तर नाणे त्याचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन वानखेडेवर आपला शेवटचा कसोटी सामना खेळला आणि त्याने ७४ धावा केल्या. त्या दिवशी स्टंपवर नाणे नव्हते. त्याची गरजही उरली नव्हती.

बंधू-भगिनींनो, आपल्यालाही अशी साधने दिलेली आहेत. जपमाळ, उपवासकाळ, क्रुसाची वाट, रात्रीची प्रार्थना, पापनिवेदन. खेळाडूच्या कडक शिस्तीचे उदाहरण संत पौलाने करिंथकरांना दिले, कारण त्यांच्या शहराजवळच मोठ्या क्रीडास्पर्धा भरत असत.

या साधनांच्या बाबतीत माणूस दोन प्रकारे चुकतो. कोणी म्हणतो, "मन स्वच्छ असले की झाले, प्रार्थना कशाला?" त्याने गोल्फ खेळणारा आठवावा. त्यालाही आपण सरळच उभे आहोत असे वाटत असते. दुसरा एकही प्रार्थना चुकवत नाही, पण शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी चार वर्षे बोललेला नसतो. सोयाबीन मोजताना त्याचा काटा हलका होतो. घरी सुनेशी बोलताना जीभ कडू होते. जपमाळ हातात आहे, मणी सरकत आहेत, पण वळण लागलेले नाही. काठ्या जमिनीवर नीट मांडल्या आणि सराव संपला, असेच हे झाले.

आपला सामना रविवारी या वेदीसमोर होत नाही. तो सोमवारी बाजारात, बसस्टँडवर, बांधावर आणि चुलीपाशी होतो. तिथे हातात जपमाळ नसेल, समोर फादर नसतील. रागाच्या क्षणी आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, तिथे आपला सराव दिसतो.

मग साधने सोडून द्यायची का? मुळीच नाही. नामांकित खेळाडूही सरावाच्या मैदानावर पुन्हा त्याच काठ्या मांडतात, कारण लागलेले वळणसुद्धा हळूहळू सुटते.

या आठवड्यात रोज रात्री दोनच प्रश्न स्वतःला विचारा. आज मी कोणत्या दिशेने निघालो होतो? आणि माझे पाय प्रत्यक्षात कुठे होते? या दोन काठ्या समांतर आहेत का, ते प्रामाणिकपणे पाहा. नसतील, तर दुसऱ्या दिवशी एकच पाऊल सरळ करा. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारात जा आणि त्याला नावाने हाक मारा. पुढच्या रविवारी प्रभूच्या मेजाजवळ याल, तेव्हा त्यालाही सोबत आणा.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू